कान्हेरीच्या पोढी (पाण्याची टाकी) पाहिल्या आणि उद्यान वेगळेच दिसू लागले

पायवाट

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मी आजवर किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. शाळेची सहल, वनराणी या छोट्या आगगाडीची फेरी, नंतर महाविद्यालयातील मित्रांबरोबर भाड्याच्या सायकलींवरून दमत गाठलेली कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची चढण, आणि अलीकडे बाहेरगावच्या पाहुण्यांना मुंबईतही जंगल आहे हे दाखवण्यासाठी झालेल्या वाऱ्या. या सगळ्यांचा साचा एकच होता. लेणे क्रमांक ३ मधले दोन उंच बुद्ध, क्रमांक ११ मधला तथाकथित दरबार, थोडी छायाचित्रे, माकडांपासून पिशव्या वाचवण्याची कसरत, आणि ऊन चढायच्या आत परत. त्यापलीकडे डोंगरावर शंभरहून अधिक लेणी आहेत हे ठाऊक असूनही पाय तिकडे वळले नव्हते.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मी एकटाच गेलो. (सोमवारी उद्यान बंद असते, हे मी पूर्वी एकदा बंद दारापाशी उभा राहून शिकलो आहे.) मुख्य प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचे सुमारे सहा किलोमीटर चालतच जायचे ठरवले होते, आणि त्या नादात आणलेले पाणी वाटेतच संपवून बसलो. लेण्यांच्या पायथ्याशी पुन्हा भरून घेता आले असते, पण तेही राहून गेले. क्रमांक ११ ओलांडून कातळातल्या पायऱ्यांनी वर गेलो तेव्हा साडेदहा वाजले होते, काळा खडक तापू लागला होता आणि घशाला कोरड पडली होती. सावली मिळावी म्हणून एका लहानशा विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, ओसरीत टेकलो. बसल्या जागेवरून डाव्या हाताला कातळात कोरलेले एक चौकोनी तोंड दिसत होते, साधारण हात-दीड हाताचे, कडेला झाकण बसावे अशी खाच असलेले. आत डोकावलो तर खाली पाणी होते. पिण्याजोगे नव्हते, हिरवट तवंग होता, पण पावसाळा सरून काही महिने उलटल्यावर त्या उघड्याबोडक्या डोंगराच्या माथ्याजवळ ते होते.

मग नजर वर गेली. ओसरीच्या दर्शनी भागावर, छताच्या कपाळपट्टीच्या वर, बोटभर खोल आणि दोन बोटे रुंद अशी एक पन्हळ कोरलेली होती. ती हलक्या उताराने तिरकी खाली येत होती आणि तिचे टोक बरोबर त्या टाक्याच्या तोंडाच्या दिशेने वळले होते. डोंगरावरून ओघळणारे पावसाचे पाणी ओसरीत न पडू देता बाजूला घ्यायचे आणि तेच साठवायचे, अशी ती एकाच छिन्नीने केलेली दोन कामे होती. इतक्या वर्षांत मी अशा किती पन्हळींखालून वाकून गेलो असेन कोण जाणे.

त्यापुढच्या दोन तासांत मी मूर्तींकडे जवळजवळ पाहिलेच नाही. एकेका विहारापुढे उभा राहून आधी टाके शोधायचे, मग पन्हळ, मग ती कुठून निघते ते पाहायचे, असा खेळच लागला. जवळपास प्रत्येक विहाराला स्वतःचे टाके आहे. काहींना एकापेक्षा अधिक आहेत. दोन डोंगरांमधून जो ओढा वाहतो त्याच्या वरच्या अंगाला जुन्या बांधाचे अवशेष आहेत, म्हणजे घरोघरच्या साठ्याबरोबर सामायिक साठ्याचाही विचार झालेला होता. मुंबईच्या परिसरात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कातळ कोरडा. अशा ठिकाणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षे भिक्षूंची वस्ती टिकली, याचे श्रेय मूर्तिकारांच्या आधी पाणी अडवणाऱ्यांना द्यावे लागेल.

लेण्यांतील प्राकृत लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे एवढे मी वाचून आहे. या धाग्यावर माझी विनंती अशी की ज्यांनी पाण्याच्या अंगाने हे उद्यान पाहिले आहे त्यांनी भर घालावी. माझे स्वतःचे मत आता असे झाले आहे की कान्हेरीला प्रथमच जाणाऱ्याने क्रमांक ३ पासून सुरुवात न करता थेट वर जावे, एखाद्या ओसरीत बसून एक टाके आणि एक पन्हळ नीट पाहावी, आणि क्रमांक ३ चे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे सभागृह, परतीच्या वाटेवर पाहावे.

अक्षरवेडा

आपण पोढीपासून सुरुवात केलीत हे फार बरे झाले, कारण कान्हेरीतला माझ्या मते सर्वांत विलक्षण लेख एका पोढीवरच आहे आणि त्याच्यापुढून बहुतेक लोक न थांबता जातात. तो क्रमांक ५ जवळच्या टाक्याच्या वर कोरलेला आहे. लेखाचा काही भाग झिजून गेला आहे, तरीही जे उरले आहे त्यातून असे कळते की वासिष्ठीपुत्र श्री सातकर्णी या सातवाहन राजाची राणी पश्चिम भारतातल्या शक क्षत्रपांच्या कार्दमक राजवंशात जन्मलेली होती, एका महाक्षत्रपाची, म्हणजे त्या वंशातल्या राजाची, कन्या होती, आणि शतेरक नावाच्या विश्वासू अमात्याने हे टाके दान दिले. महाक्षत्रपाच्या नावातले 'रु' हे अक्षर तेवढे वाचता येते. त्यावरून तो रुद्रदामा असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इथले त्या काळातले बहुतेक लेख प्राकृतात असताना हा संस्कृतात आहे, आणि टाक्यासाठी त्यात 'पोढी' नव्हे तर 'पानीयभाजन' असा शब्द आला आहे. क्षत्रपांच्या दरबारात संस्कृत लेखांची रूढी लवकर रुजली होती. माहेरची भाषा राणीबरोबर सासरी आली असेल का, हा विचार त्या टाक्यापुढे उभे राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे, लेखाचे म्हणणे नव्हे.

याला जोडून दुसरा लेख आठवावा लागतो. इसवी सन १५० च्या सुमाराच्या गिरनारच्या प्रसिद्ध शिलालेखात रुद्रदामा सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला त्याने दोनदा उघड युद्धात हरवले, पण नाते जवळचे असल्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. ते जवळचे नाते कोणते, याचा दुवा कान्हेरीच्या या टाक्यावर सापडतो असे मानले जाते. आणि गंमत अशी की गिरनारचा तो लेख मुळात कोरला गेला तो युद्धांसाठी नव्हे, तर अतिवृष्टीने फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधल्याची नोंद म्हणून. सासऱ्याचे नाव तलावावर, जावयाचे नाव टाक्यावर. तेव्हा आपला पाण्याचा माग आपल्याला वाटला त्याहून लांबवर जातो.

दात्यांबद्दलही थोडे लिहितो. कान्हेरीतल्या लेखांत कल्याण, सोपारा आणि चेऊल (लेखांतले 'चेमुल') येथील लोकांची दाने आहेत. राजे आणि अमात्य यांच्यापेक्षा व्यापारी, सोनार, लोहार, गृहस्थ आणि भिक्षुणी हे दाते अधिक आहेत. काहींनी लेणे दिले, काहींनी नुसती पोढी, काहींनी बसायचे बाक. 'अक्षयनीवी' हा शब्द वारंवार येतो: मूळ धन किंवा शेत कायम ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना चीवर, म्हणजे वस्त्रे, पुरवायची. आजच्या भाषेत कायम ठेवच. ज्याची ऐपत अख्ख्या विहाराची नव्हती त्याने एका टाक्यावर नाव कोरून घेतले, हे मला फार आपलेसे वाटते.

ठाणेकर जुना

पोढी महत्त्वाच्या आहेतच, परंतु क्रमांक ३ ला परतीच्या वाटेवरचे ठिकाण ठरवणे मला पटले नाही. दमलेला माणूस चैत्यगृहात शिरतो तेव्हा तो फक्त थंडावा शोधत असतो. ते चैत्यगृह ताज्या डोळ्यांनीच पाहायला हवे. गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते करवून घेतले, आणि तरीही ते पुरे झाले नाही. आतल्या ३४ खांबांपैकी काहींवर घट, हत्ती, स्तूपपूजा असे सगळे नक्षीकाम आहे आणि काही नुसते अष्टकोनी सोडून दिलेले आहेत. काम कुठे थांबले ते खांबाखांबाने दिसते. ओसरीच्या दोन टोकांचे सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध तर त्यानंतर काही शतकांनी कोरलेले आहेत, आणि पोर्तुगीज अमलात याच सभागृहाचे चर्च झाले होते. एवढे सगळे पाय दुखत असताना कसे पाहणार?

रानपिंगळा

धागा लेण्यांकडेच झुकतो आहे, म्हणून रानाच्या बाजूने थोडे लिहितो. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि मुंबई उपनगर व ठाणे अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. आपण ज्याला उद्यान म्हणून ओळखतो तो मुख्य रस्ता, वनराणी, गांधी टेकडी आणि लेणी हा त्याचा लहानसा पर्यटन विभाग आहे. त्याला आजही कृष्णगिरी उपवन म्हणतात, आणि हे नाव वनखात्याने कल्पनेने दिलेले नाही: लेण्यांतील लेखांत डोंगराचे नाव 'कण्हगिरि', म्हणजे कृष्णगिरी, असेच आहे. कान्हेरी हा त्याचाच झिजलेला उच्चार. तेव्हा प्रवेशद्वारावरची पाटी आणि डोंगरावरचा लेख एकच नाव सांगतात.

पायवाटांबद्दल. शिलोंड्याची वाट ही नवख्यांसाठी सर्वांत सोयीची. बहुतेक सपाट, ओढ्याच्या काठाने जाणारी आणि पाखरांसाठी उत्तम. जांभूळमाळ ही उद्यानातल्या सर्वांत उंच भागाकडे नेणारी वाट आहे. तिथून एका नजरेत तुळशी आणि विहार दोन्ही तलाव दिसतात, पण चढ दमवणारा आहे. ठाण्याच्या बाजूने येऊरच्या वाटा आहेत. यांपैकी कोणत्याही वाटेवर परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये. निसर्ग माहिती केंद्रात आधी नोंद केली की माहितगार माणूस बरोबर मिळतो. हा केवळ कागदी नियम नाही. २०१५ साली कॅमेरा सापळ्यांच्या आधारे झालेल्या मोजणीत या परिसरात ३५ बिबटे आढळले होते. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, परंतु संध्याकाळी वाकून बसलेला एकटा माणूस किंवा लहान मूल त्याला माणसासारखे दिसत नाही. म्हणून उद्यान बंद होण्याच्या वेळेपर्यंत रेंगाळणे, विशेषतः मुलांना मागे सोडून पुढे चालत राहणे, टाळलेच पाहिजे. पाड्यांतले वारली लोक वाघोबाला पुजतात आणि अंधार पडल्यावर हातात बत्ती घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. शेजार कसा सांभाळावा हे त्यांना आपल्याहून बरे कळते.

आणि कारवी. कारवीचे झुडूप सात वर्षे नुसते वाढते आणि आठव्या वर्षी उतार अन् उतार एकदम फुलतो, मग बी धरून वाळून जाते. उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. ज्यांचा २०२४ चा हंगाम हुकला त्यांनी २०३२ चा पावसाळा संपताना वेळ काढून ठेवावा, कारण जांभळा उतार महिनाभरच टिकतो. हिच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेल्या कुडाच्या भिंती पाड्यांतल्या जुन्या घरांत दिसतात. पाण्याच्या अंगानेच पाहायचे असेल तर हेही सांगतो की पावसाळ्यात उतारावरची माती धरून ठेवण्यात कारवीच्या दाट जाळीचा मोठा वाटा असतो. ती माती वाहून गेली तर आधी ओढे गाळाने भरतील आणि मग तलाव.

सायंतारा

आईला घेऊन जायचा विचार आहे. तिचे वय ७१, गुडघ्यांची तक्रार आहे, पण लेणी पाहण्याची हौस मोठी. पायऱ्या किती आणि कशा आहेत हे कोणी नेमके सांगेल का?

मागचा एक अनुभवही नोंदवते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सहल आयोजकाबरोबर गेलो होतो. त्याच्या माहितगाराने ही सगळी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असे सांगून वीस मिनिटांत फेरी संपवली. त्याहून वाईट म्हणजे आमच्याच गटातल्या दोघांनी एका टाक्यात पाय सोडून हातपाय धुतले आणि त्यात वेष्टने टाकली, आणि कोणी त्यांना हटकले नाही. मीही गप्प राहिले, त्याची चुटपुट आजही आहे. तेव्हा ते फक्त साचलेले पाणी वाटले होते. शतेरकाचे नाव तेव्हा ठाऊक असते तर बहुधा बोलले असते.

पायवाट

अक्षरवेडा, आपण सांगितलेला लेख मी दोनदा ओलांडून गेलो असणार. क्रमांक ५ पुढे मी छायाचित्र काढले आहे आणि त्यात टाक्याच्या वरची अक्षरे अर्धवट आली आहेत. तेव्हा तो मला खडकाचा खरबरीतपणा वाटला.

ठाणेकर जुना, आपला मुद्दा मान्य आहे. माझी सूचना बदलतो: सकाळी उद्यान उघडताच पोहोचणाऱ्याने आधी क्रमांक ३, मग वर. उशिरा येणाऱ्याने आधी वर, कारण बारानंतर माथ्यावरच्या कातळावर थांबवत नाही.

सायंतारा, लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वाहन जाते, उद्यानाच्या आतून बसचीही सोय असते, त्यामुळे सहा किलोमीटरची काळजी नको. लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे तिकीट वेगळे घ्यावे लागते, ते हाताशी ठेवा. प्रवेशानंतर थोड्या पायऱ्या चढल्या की क्रमांक १, २ आणि ३ एका ओळीत येतात. क्रमांक १ अपुरे सोडलेले आहे. क्रमांक २ मध्ये स्तूप आहेत. तिथून ११ पर्यंतची वाट चढाची असली तरी रुंद आहे. त्यापुढे मात्र कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, बऱ्याच झिजलेल्या, कठड्याशिवाय, आणि एकेक पायरी गुडघ्याला जाणवेल इतकी उंच. आईंनी ११ पर्यंत यावे आणि तिथे निवांत बसावे असे मी सुचवेन. ११ मध्ये सभागृहाच्या लांबीभर दगडी बाक आहेत. दरबार हे नाव लोकांनी दिलेले. तिथे भिक्षू एकत्र जमत असावेत. पोढीसाठी माथ्यावर जायची गरज नाही, क्रमांक ५ खालच्याच भागात आहे. पावसाळ्यात मात्र त्यांना अजिबात आणू नका. शेवाळावरून तरणीताठी माणसे घसरतात, आणि ओढ्याला लोंढा येतो तेव्हा तो सांगून येत नाही.

तळ्याकाठी

मी पाणीपुरवठ्याच्या कामाशी बरीच वर्षे संबंधित होतो, म्हणून या गोष्टीचा पुढचा भाग लिहितो. कान्हेरीच्या माथ्यावरून दिसणारे रान आज उभे आहे याचे एक मोठे कारण पुन्हा पाणीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेट विहिरींवर आणि उथळ तळ्यांवर जगत होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी हाल होत होते. त्यावर उपाय म्हणून या डोंगरांत बांध घालून विहार तलाव तयार झाला आणि १८६० पासून शहराला नळाने पाणी मिळू लागले. मुंबईची ही पहिली नळयोजना. लोकसंख्या वाढतच होती, ते पाणी अपुरे पडू लागले आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. तलावाचे पाणी स्वच्छ राहायचे तर पाणलोटात वस्ती, शेती आणि गुरे नकोत, म्हणून भोवतालची जमीन ताब्यात घेऊन राखली गेली. त्यात काही गावे उठली, हेही नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय उद्यान ही कल्पना त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. तिला आयते राखलेले रान मिळाले.

आता प्रमाण पाहा. तुळशी काठोकाठ भरला की त्यात ८,०४६ दशलक्ष लिटर पाणी मावते आणि विहारमध्ये २७,६९८ दशलक्ष लिटर. आजची मुंबई दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी घेते. म्हणजे भरलेला तुळशी अख्ख्या शहराला दोन दिवस आणि विहार आठवडाभर पुरेल. एके काळी याच दोन तलावांवर शहराची मुख्य भिस्त होती. आता भातसा, तानसा, वैतरणा यांच्यापुढे ते लहान दिसतात, तरी पावसाळ्यात 'तुळशी भरून वाहू लागला' ही बातमी वाचली की मुंबईकराला बरे वाटते. दोन्ही तलावांच्या काठी जाण्यास मनाई आहे, आणि मगरी असल्याने ती मनाई मोडण्यात शहाणपणही नाही. लांबून पाहायचे तर रानपिंगळा यांनी सांगितलेली जांभूळमाळाची वाट आहेच.

दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगरांत उगम पावतात. मुख्य रस्त्याने जाताना ज्या पुलाखाली मुले दगडांवर बसलेली दिसतात ती दहिसर नदी आहे. उद्यानाच्या बाहेर पडल्यावर तिची जी अवस्था होते ती पाहिली तर दोन्ही एकच नदी आहे हे खरे वाटत नाही. विहार भरून वाहिला की त्याचे पाणी मिठीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीने काय केले ते या धाग्यावरच्या अनेकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाहिले असेल.

व्यवसायामुळे माझी नजर पोढींच्या तोंडांकडे जाते. तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. ऊन आत कमी जाते, बाष्पीभवन कमी होते, झाकण बसवणे सोपे जाते, आणि वरचा कातळ चालायला मोकळा राहतो.

अक्षरवेडा

पांडवांची कथा ऐकून माहितगारावर रागावण्यापेक्षा मी लोकांना क्रमांक ९० कडे पाठवतो. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेली नावे आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपल्या येण्याची नोंद तारखेसह करून ठेवली आहे. म्हणजे आपल्यासारखे पाहुणे इथे हजार वर्षांपूर्वीही येत होते. (भिंतीवर नाव कोरण्याची सवय तेव्हाही होती असे म्हणून आजच्यांनी मात्र अनुकरण करू नये.) त्याच लेण्यात अष्टमहाभयांतून, म्हणजे आठ मोठ्या संकटांतून, तारणाऱ्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचा शिल्पपट आहे. त्या भयांत बुडणारे जहाजही असते, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांना ते कोणत्याही प्रवचनापेक्षा जवळचे वाटले असेल. वाटेत क्रमांक ४१ मधला अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आणि क्रमांक ३४ च्या छतावरचे अपुरे राहिलेले बुद्धाचे चित्र पाहावे. चित्रासाठी विजेरीचा झोत थेट टाकू नये. डोळे अंधाराला सरावू द्यावेत, रेषा आपोआप दिसू लागतात.

सायंतारा

सर्वांचे आभार. गेल्या शनिवारी आईला घेऊन गेले होते, म्हणून वृत्तान्त देते.

सकाळी आठच्या आत पोहोचलो. क्रमांक ३ पाहिले, ठाणेकर जुना यांच्या सांगण्याप्रमाणे अपुऱ्या खांबांपाशी थांबलो. आईने एका अष्टकोनी खांबावरून हात फिरवून पैसे संपले असतील की माणसे, एवढेच विचारले. मग क्रमांक ५. टाक्यावरची अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात बऱ्यापैकी उठून दिसतात, दुपारी गेलो असतो तर दिसली नसती असे वाटते. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मी तिला राणी, तिचे वडील, नवरा आणि शतेरक अशी सगळी गोष्ट सांगितली. तिने ती ऐकली, पण तिचे लक्ष टाक्याकडेच होते.

क्रमांक ११ पाशी ती बाकावर बसली आणि मी एकटीच थोडे वर जाऊन आले. परतले तेव्हा ती बाहेर उभी राहून दर्शनी कातळाकडे टक लावून पाहत होती. तिला माझ्याआधी पन्हळ सापडली होती. कोकणातल्या आमच्या कौलारू घराला माडाच्या खोडाची पन्हळ लावलेली असे आणि तिच्याखाली हंडे लावायचे काम लहानपणी तिच्याकडे होते, हे तिने मला आजवर कधी सांगितले नव्हते. पहिल्या पावसाचे पाणी भरायचे नाही, छप्पर धुऊन निघाल्यावरचेच घ्यायचे, असा घरचा दंडक होता म्हणाली. मग तिने विचारलेला प्रश्न इथे तसाच ठेवते, कारण मला उत्तर देता आले नाही. दर वर्षी पावसाआधी या टाक्यांत उतरून गाळ काढावा लागत असणार. तोंड एवढे लहान, तेव्हा आत कोणाला उतरवत असतील? अक्षरवेडा, गाळ काढणाऱ्यांसाठी कोणी दान दिल्याचा लेख आपल्या पाहण्यात असेल तर आईला कळवायचे आहे.